अडेलतट्टू

मराठीत हट्टी माणसाला ‘अडेलतट्टू’ म्हणतात. तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा. आणि भर वाटेत उभे राहून, कितीही हाकलले तरी पाऊल पुढे न टाकणारे ते अडेल. शब्द मोठा ठसकेबाज आहे. तो उच्चारणाऱ्याच्या मनात त्या तट्टाविषयीचा निकाल आधीच लागलेला असतो. दोष तट्टाचा, हट्ट तट्टाचा आणि उपाय एकच, चाबूक! पण ते तट्टू जन्मतःच अडेल होते काय? आईच्या मागे दुडदुडणारे शिंगरू कधी अडून बसत नाही. मग हा अडेलपणा त्याला शिकवला कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रोह्याकडचा एक देखावा डोळ्यांपुढे आणू. कुंडलिका नदीला मिळणारा एखादा ओढा आहे. पावसाळा नुकताच सरला आहे आणि पाणी जेमतेम घोट्याइतके आहे. एक मुलगा तट्टावर बसून काठाशी येतो. चकाकणारे, हलणारे पाणी पाहताच तट्टू थबकते. मान खाली घालून फुरफुरते. मुलगा टाच मारतो. तट्टू हलत नाही. मुलगा काठी मारतो. तट्टू दोन पावले मागे सरते. पुन्हा काठी, पुन्हा माघार. असे बराच वेळ चालते. अखेर मुलाचा हात दुखू लागतो. तो कंटाळून खाली उतरतो आणि तट्टाला पुलाच्या वाटेने नेण्यासाठी मागे वळवतो. मुलाला वाटते, आज तट्टाने आपले काही ऐकले नाही. वस्तुतः तट्टू त्या दिवशी दोन धडे उत्तम प्रकारे शिकलेले असते. पहिला धडा असा, की पाण्याजवळ गेले म्हणजे मार बसतो. दुसरा असा, की जागचे हलले नाही म्हणजे मार थांबतो आणि पाठीवरचे ओझेही उतरते. दुसऱ्या दिवशी ते ओढ्याच्या वीस पावले अलीकडेच उभे राहते. तेव्हा ते हट्ट करीत नसते. कालचा पाठ म्हणून दाखवीत असते!

घोडा कसा शिकतो हे समजून घ्यावयाचे, तर प्रथम तो कोण आहे हे ओळखले पाहिजे. घोडा हा गवत खाणारा आणि कळपाने राहणारा प्राणी. त्याला वाघाची नखे नाहीत, बैलाची शिंगे नाहीत. लाखो वर्षे त्याने आपला जीव पायांच्या बळावर राखला. संशय आला की आधी पळावयाचे, आणि काय होते ते नंतर पाहावयाचे, हीच त्याच्या पूर्वजांची नीती होती. जे घोडे विचार करीत उभे राहिले, ते लांडग्यांच्या तोंडी पडले. जे पळाले, त्यांचीच पुढे प्रजा झाली. म्हणून रस्त्यावर उडालेला कागदाचा कपटा पाहून घोडा बुजला, तर तो भित्रा किंवा मूर्ख ठरत नाही. त्याच्या पूर्वजांना ज्या सावधपणाने तारले, तोच सावधपणा तो दाखवीत असतो.

त्याचे शरीरही या सावधपणाला साजेसे घडले आहे. त्याचे मोठे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा प्रदेश दिसतो. न दिसणारी जागा उरते ती दोन ठिकाणी : एक कपाळाच्या अगदी समोर आणि दुसरी शेपटीच्या थेट मागे. घोड्याच्या मागून मुकाट्याने जाऊ नये असे वडीलधारे सांगतात, त्याचे कारण हेच. जो दिसत नाही तो लांडगाही असू शकतो, असे घोड्याचे शरीर समजते आणि लाथ झाडते. त्याच्याकडे जाताना खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जावे. त्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो. तांबडा आणि हिरवा यांतील भेद मात्र आपल्यासारखा कळत नाही. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात, आणि ज्या दिशेला कान त्या दिशेला बहुधा त्याचे लक्ष. कान मागे चपटे पडले, शेपटी वरचेवर झटकली जाऊ लागली, ओठ आवळले गेले, डोळ्यांतील पांढरे दिसू लागले, तर घोडा आपल्या भाषेत ‘आता पुरे’ असे सांगत आहे असे समजावे.

त्याची त्वचा किती हळवी असते, हे पाहण्यासाठी घटकाभर तबेल्यात उभे राहिले तरी पुरे. पोटावर साधी माशी बसली, तर नेमका तेवढाच कातडीचा भाग थरथरतो. ज्याला माशीचे पाऊल कळते, त्याला स्वाराच्या पायाचा स्पर्श कळणार नाही काय? तोंडाचेही तसेच. लगामाची लोखंडी कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, दात नसलेल्या जागी बसते. तेथे हाडावर पातळ कातडीचे नुसते आवरण असते. स्वाराने तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळावे, आणि ‘घोड्याचे तोंड फार कठीण आहे’ अशी वर तक्रार करावी, हा काय न्याय झाला?

आता मुख्य गोष्ट. घोडा ओढण्याने शिकत नाही. ओढणे थांबते त्या क्षणी शिकतो. हे प्रथम ऐकताना विचित्र वाटेल, पण एक साधा धडा पाहा. शिंगराला दोरीने चालावयास शिकवायचे आहे. शिकवणारा दोरीला अगदी हलका ताण देतो आणि तो तसाच ठेवतो. झटका देत नाही, वाढवतही नाही. शिंगराला तो ताण नकोसा वाटतो. ते मान उडवते, बाजूला झुकते, मागे रेलते. ताण कायम राहतो. मग केव्हातरी त्याचा एक पाय सहज पुढे पडतो, आणि त्याच क्षणी दोरी सैल होते. शिंगरू चकित होऊन उभे राहते. पुन्हा हलका ताण, पुन्हा एक पाऊल, पुन्हा दोरी सैल. आठ-दहा वेळा असे झाले, की दोरी ताणली जाण्यापूर्वी, हाताची नुसती हालचाल पाहूनच ते पुढे येऊ लागते. दोरीने त्याला चालवले नाही. ‘पुढे गेले की सुटका होते’ हे त्याचे त्याला उमगले.

या ठिकाणी वेळेला फार महत्त्व आहे. पाऊल पडले आणि एका सेकंदाच्या आत दोरी सैल झाली, तर घोडा त्या दोहोंची सांगड घालतो. तेवढ्यात शिकवणाऱ्याने कोणाशी चार शब्द बोलून घेतले आणि मग दोरी सोडली, तर घोडा त्या वेळी जे करीत असेल तेच बरोबर, असे तो समजतो. कदाचित त्या क्षणी तो मान उडवीत असेल. मग मान उडवणेच त्याच्या अंगवळणी पडते. म्हणून चांगला शिक्षक घोड्यावर जितके लक्ष ठेवतो, तितकेच आपल्या हातावर ठेवतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेली मांजरे कळ दाबून बाहेर पडावयास कशी शिकतात, ते त्याने पाहिले. ज्या कृतीने सुटका होते किंवा सुख मिळते ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो, असे त्याला दिसून आले. घोड्यालाही हाच नियम लागू पडतो. ओढ्याकाठच्या त्या मुलाने तट्टाला हाच नियम शिकवला होता. फक्त तो उलट बाजूने शिकवला होता.

पूर्वी आपल्याकडे घोडे तयार करणाऱ्या माणसाला ‘चाबूकस्वार’ म्हणत. नावात चाबूक आहे खरा. पण जो हरघडी चाबूक चालवतो त्याचा घोडा शिकलेला नसून भ्यालेला असतो, हा भेद जाणत्या लोकांना कळत होता. मार हा घोड्याला ‘काय करू नको’ एवढेच फार तर सांगू शकतो. ‘काय कर’ हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. शिवाय भ्यालेल्या प्राण्याचे मन पळण्याच्या वाटा शोधण्यात गुंतलेले असते. तेथे नवा धडा शिरावयास जागाच राहत नाही. शाळेतही एके काळी छडीशिवाय विद्या येत नाही असे मानीत असत. त्या छडीने पाढे किती आले हे सांगणे कठीण. छडीची आठवण मात्र पुष्कळांना जन्मभर राहिली.

माराहून कमी दिसणारी, पण घोड्याला अधिक गोंधळात टाकणारी आणखी एक चूक आहे. ती म्हणजे एकाच वेळी टाचही मारावयाची आणि लगामही ओढून धरावयाचा. टाच सांगते ‘पुढे चल’, लगाम सांगतो ‘थांब’. घोडा पुढे गेला तर तोंडात दुखते, उभा राहिला तर कुशीत टाच बसते. काहीही केले तरी सुटका नाही, असे ज्या घोड्याला कळून चुकते तो एकतर उधळतो, नाहीतर काहीच न ऐकणारा, मेल्या मनाचा होतो.

हे पाहावयास दूर जावे नको. पेण आणि रोहा ज्या रायगड जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ते थंड हवेचे ठिकाण म्हणून उजेडात आणले आणि १९०७ साली नेरळहून तेथे छोटी आगगाडी जाऊ लागली. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे पाहुण्यांची ने-आण करण्याचे काम कित्येक पिढ्या घोडे आणि हातरिक्षा करीत आल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये काही ई-रिक्षा तेथे प्रायोगिक रीतीने सुरू झाल्या. तरी दस्तुरी नाक्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला प्रथम सामोरी येते ती तांबड्या धुळीत उभी असलेली घोड्यांची रांगच. या घोड्यांवर रोज नवा स्वार बसतो, आणि तो बहुधा जन्मात प्रथमच घोड्यावर बसलेला असतो. तो घाबरून लगाम घट्ट ओढतो. पाय मात्र घोड्याच्या पोटाला आवळतो. तरीही बहुतेक घोडे त्याला मुकाट्याने उतारावरून नेऊन आणतात. हे त्यांचे सोशिकपण काही फुकट येत नाही. बरोबर चालणाऱ्या घोडेवाल्याचा ओळखीचा आवाज आणि जवळ असलेला हात यांवर ते टिकून असते. माथेरानला जाणाऱ्या मुलाने पुढच्या बाजूस खोगीर धरावे, लगाम सैल सोडावा आणि पाय रिकिबीत हलके ठेवावेत. त्याची सहल सुखाची होईल आणि घोड्याच्या तोंडालाही तेवढीच विश्रांती मिळेल.

घोड्याला शिकवण्यातला सर्वांत अवघड भाग मात्र चालणे-थांबणे हा नसून भय घालवणे हा आहे. समजा, पेणच्या बाजारपेठेतून वरात निघाली आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माणसे, पुढे ताशे, बँड, दिव्यांची झगमग, आणि या सगळ्याच्या मध्ये एक पांढरी घोडी, तिच्यावर नवरदेव आणि त्याच्या पुढे बसलेले एखादे लहान मूल. घोडी बिचकली तर काय होईल, हे सांगावयास नको. अडीच-तीनशे किलो वजनाच्या जनावराला चार माणसे दोरीने धरू शकत नाहीत. म्हणून तिची तयारी वरातीच्या दिवशी करून भागत नाही.

तयारीचे दोन मार्ग लोक योजतात. पहिला मार्ग असा : घोडीला खांबाला बांधावयाचे आणि ती थकेपर्यंत तिच्या कानाशी ताशा बडवावयाचा. प्रथम ती उसळते, दोर ताणते, घामाने निथळते. अखेर स्तब्ध उभी राहते. लोक म्हणतात, ‘भीती मोडली.’ पण स्तब्ध उभी राहणारी प्रत्येक घोडी शांत असतेच असे नाही. पळण्याची वाट बंद आहे एवढेच तिला कळले असेल, आणि भय तसेच आत दबा धरून बसले असेल. पुढे एखाद्या दिवशी दोर तुटतो, किंवा ताशाबरोबर फटाकाही वाजतो, आणि मग ते भय एकदम बाहेर पडते.

दुसरा मार्ग सावकाशीचा आहे. घोडी कुरणात चरत असताना बऱ्याच अंतरावर ताशा वाजवावयाचा. इतका लांब, की तिने कान टवकारावेत, पण तोंडातला घास थांबू नये. ती पुन्हा निवांतपणे चरू लागली, की वाजवणारा थांबतो. दुसऱ्या दिवशी तो दहा पावले जवळ येतो. तिची मान ताठ झाली, चरणे थांबले, तर आपण घाई केली असे समजून तो अंतर पुन्हा वाढवतो. ताशाच्या आवाजाबरोबर चंदीचा तोबरा आला, तर फारच उत्तम. मग ताशा हा तिला जेवणाच्या घंटेसारखा वाटू लागतो. आवाजाची सवय झाली की दिवे, दिव्यांची झाली की गर्दी, आणि सर्व एकत्र अगदी शेवटी. यास कित्येक दिवस लागतात. पेणचे मूर्तिकार ओली शाडूची मूर्ती कडक उन्हात ठेवीत नाहीत. तशी ठेवली तर वरून वाळते आणि तिला भेगा पडतात. जिवंत जनावराच्या बाबतीत हा धीर आपल्याला का धरवत नाही, हे एक कोडेच आहे. आणि इतके करूनही घोडीच्या पायांशी फटाक्यांची माळ लावणे हा निव्वळ अविचार होय.

घोड्याला शाबासकी द्यावयाची कशी? पुष्कळ लोक त्याच्या मानेवर जोरजोराने थापटतात. माणसाला ती थाप गोड वाटते. घोड्याला तसे वाटण्याचे काही कारण नाही, कारण घोडे एकमेकांना थापट्या मारीत नाहीत. कुरणात दोन मित्र घोडे उभे असले, की ते एकमेकांच्या आयाळीच्या मुळाशी, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, दातांनी हळूहळू खाजवत राहतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की नेमक्या त्या जागी हाताने चोळल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात. म्हणजे घोड्यांनी घोड्यांसाठी शोधलेली शाबासकी माणसालाही देता येते, आणि तिला पैसा पडत नाही.

घोडा अडला, तर त्याला शिकवावयास बसण्यापूर्वी त्याला काही दुखत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. खोगिराखाली जखम आहे काय? तंग फार आवळला आहे काय? खुरात खडा रुतला आहे काय? दाढेची धार गालाला लागते काय? दुखण्यामुळे अडलेल्या घोड्याला मारणे म्हणजे ताप आलेल्या मुलाला गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा करणे. पोटाचेही तसेच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मरणाचे पाप तुम्हांला लागेल, असे महाराज त्यांना बजावतात. रात्री दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, येथपर्यंत त्यांनी विचार केला होता. ज्या राजाचे बळ घोडदळावर होते, त्याला घोड्याची भूक हा राज्याचा प्रश्न वाटत होता.

आजचा कायदाही या बाबतीत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्याखाली १९६५ साली ओझी वाहणाऱ्या आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. दिवसाकाठी एकूण ९ तासांहून अधिक काम घेऊ नये. विश्रांती न देता सलग ५ तासांहून अधिक राबवू नये. ३७ अंशांहून अधिक उष्णता असेल अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये. खिळे किंवा टोके असलेली काठी आणि काटेरी लगाम वापरू नये, असे त्यांत सांगितले आहे. ज्या कुटुंबाची चूल एका घोड्यावर पेटते, त्याला ९ तासांनी थांबणे जड जाते, हे खरे. परंतु थकून अकाली निकामी झालेला घोडा त्या कुटुंबाला पोसू शकत नाही, हेही तितकेच खरे. बिघडलेल्या घोड्याची गत तर फारच वाईट. ‘खोडकर’ असा शिक्का बसला, की तो पडत्या किमतीत विकला जातो. पुढचा मालक तो शिक्का ऐकूनच अधिक कठोर होतो, आणि त्या कठोरपणाने घोडा अधिकच बिघडतो.

सौम्यपणाने शिकवण्याची ही कल्पना आजकालची आहे, असे मात्र कोणी समजू नये. महाभारतात अज्ञातवासाच्या वर्षी नकुल हा ग्रंथिक असे नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेत राहिला. घोड्यांना शिकवणे आणि बरे करणे या दोन्ही विद्या त्याला अवगत होत्या. हल्लीच्या तुर्कस्तानात विसाव्या शतकाच्या आरंभी मातीच्या काही पाट्या सापडल्या. त्यांवर किक्कुली नावाच्या मितान्नी देशातील अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांसाठी सुमारे सात महिन्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे : कोणत्या दिवशी किती चालवावे, किती दौडवावे, केव्हा पाणी पाजावे, केव्हा अंग धुवावे. पाट्या तेहतीसशे वर्षांहून जुन्या आहेत. गंमत अशी, की फेऱ्या मोजण्यासाठी त्याने वापरलेल्या शब्दांत ऐक, तेर, पंझ, सत्त अशी संख्यानामे आहेत. आपल्या एक, तीन, पाच, सात यांचेच हे दूरचे आप्त! ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात क्सेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते आणि पाहणाऱ्याला सौंदर्य दिसत नाही. नर्तकाला फटके मारून नाचवावे, तसे ते होते. तो स्वतः रणांगणावर लढलेला शिपाई होता. हळवेपणाने बोलणाऱ्यांपैकी नव्हता.

घोडा माणसाला किती बारकाईने वाचतो, याची एक मौजेची हकीकत जर्मनीत घडली. बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला कित्येक वर्षे फळ्यासमोर उभे करून अंकगणित शिकवले. बेरीज विचारली की हान्स जमिनीवर टाप आपटून उत्तर देई, आणि ते बरोबर येई! १९०४ साली विद्वानांची एक समिती नेमण्यात आली. तिला काही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने निराळ्या तऱ्हेने परीक्षा घेतली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, म्हणजे हान्स चुके. विचारणारा दिसेनासा झाला, तरीही चुके. १९०७ साली फुंग्स्टने उलगडा प्रसिद्ध केला. उत्तराइतक्या टापा पडल्या, की विचारणाऱ्याचे मस्तक नकळत किंचित हलत असे. ती हालचाल पाहून हान्स थांबत असे. लोक म्हणाले, ‘हात्तिच्या! घोड्याला गणित येतच नव्हते.’ ते खरेच होते. पण शेकडो माणसांच्या नजरेला न दिसलेली हालचाल त्या घोड्याने अचूक टिपली होती, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. जो प्राणी मस्तकाचे एवढेसे हलणे ओळखतो, त्याला आपला राग, आपली घाई आणि आपली भीती आपण बोलण्यापूर्वीच कळत असली पाहिजे. आणि ज्याच्याशी बोटाच्या खुणेने बोलता येते, त्याच्याशी काठीने बोलण्याची गरजच काय?

हान्सला माणसाने माणसाचा विषय शिकवला. नॉर्वेतील संशोधकांनी याच्या उलट केले; घोड्याला जे सांगावेसे वाटत असेल, ते सांगण्याची सोय त्यांनी त्याला करून दिली. तो प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या थंड देशात घोड्यांच्या पाठीवर घोंगडे घालतात. ते हवे की नको, हे माणूसच ठरवतो. संशोधकांनी तीन पांढऱ्या फळ्या केल्या : एकीवर आडवी रेघ, म्हणजे ‘घोंगडे घाला’, दुसरीवर उभी रेघ, म्हणजे ‘काढा’, तिसरी कोरी, म्हणजे ‘आहे तसेच राहू द्या’. घोड्याने नाकाने जी फळी शिवावी, त्याप्रमाणे करावयाचे. रोज थोडा थोडा वेळ, बक्षीस म्हणून गाजराचे तुकडे देत, हा धडा चालला. मार नाही, ओरडणे नाही. एकूण २३ घोडे होते आणि दोन आठवड्यांच्या आत ते सर्वच्या सर्व शिकले. त्यानंतर त्यांना उघड्यावर नेऊन विचारण्यात आले. ऊन असले की ते उभ्या रेघेपाशी जात. थंड पाऊस आणि वारा असला की आडव्या रेघेपाशी. आपले म्हणणे माणसाला कळते आहे असे दिसताच त्यांच्यातील काहीजण इतके उत्सुक झाले, की परीक्षेची वेळ होण्यापूर्वीच ते शिकवणाऱ्यांचे लक्ष आपल्याकडे वेधून घेण्याची खटपट करू लागले.